पढवलेल्या बायका

शीतपेयांच्या कंपनीत विक्रीचं काम बघणाऱ्या त्याला मॅनेजरनं मुद्दाम त्या सभेला पाठवलं होतं. शाळांच्या आवारात गोड पेयं बंद करायचा नियम येऊ घातला होता आणि लोकांचं मत वळवायला तिथं आया आपापल्या लठ्ठ पोरांच्या कहाण्या सांगणार होत्या.

"सगळ्या पढवलेल्या असतात. एखादी तरी खोटं बोलताना पकड, पुढचं मी बघतो," मॅनेजर म्हणाला होता.

तो मागच्या रांगेत कान टवकारून बसला. पहिली बाई जरा जास्तच सफाईनं रडली. दुसरी बरोबर टाळ्यांच्या जागी थांबत होती. कुठंतरी पाणी मुरतंय, अशी त्याची खात्रीच पटली.

तिसरी माइकपाशी आली आणि तो खुर्चीत खाली सरकला. सकाळी तिनंच त्याचा डबा भरून दिला होता.

"आमच्या घरी या बाटल्या फुकट येतात," त्याची बायको सांगू लागली. "पोरगा पाण्यासारख्या पितो. अकरा वर्षांचा आहे, पण एक जिना चढला की धापा टाकतो. वर्गातली मुलं पिंप म्हणतात, म्हणून शाळेतच जात नाही. नवऱ्याला कितीदा सांगितलं, पण तो हसण्यावारी नेतो. तसा माणूस वाईट नाही हो."

तो बाहेर आला, तोच मॅनेजरचा फोन. "काय रे, सापडलं का काही खोटं?"

"एक सापडलं, साहेब."

"बोल, बोल!"



"तिसरी बाई म्हणाली, नवरा वाईट नाही."