फुंकणी

जुईने श्वास तपासायच्या फुंकणीत सकाळची फुंकर मारली. फुंकणी रोजच्यासारखीच बोलली, "छातीत बुरशी. फुप्फुसं कमजोर. रुग्णाला घरातून हलवा."

इमारतीचे मॅनेजर घैसास दारातच उभे होते. "वहिनी, आता ऐका. मुलीला आजच श्वासगृहात भरती करू, तिथे उपचार होतील. तिची प्रकृतीच नाजूक आहे."

"मग हिच्या छातीत बुरशी आली कुठून? आभाळातून पडली?" जुईची आई हर्षदा कडाडली.

"इथे तर बाहेरचा कणसुद्धा येत नाही. सगळ्या खिडक्या सीलबंद आहेत," घैसास म्हणाले.

सहा महिने हर्षदाने लेकीचं दही बंद केलं होतं, केळं बंद केलं होतं, बर्फाचा गोळा मागितला म्हणून तिला रडवलंही होतं. तिची नजर वर गेली. घरात हवा यायची ती फक्त छताजवळच्या जाळीतून, आणि त्या हवेला न वाळलेल्या कपड्यांसारखा कुबट वास होता.

ती स्टुलावर चढली आणि फुंकणी थेट जाळीला लावली.

"अहो, ती माणसांसाठी आहे!" घैसास ओरडले.

जाळीने फुंकर मारली. फुंकणी बोलली, "बुरशी सर्वत्र पसरली आहे. प्रकृती चिंताजनक. रुग्णाला घरातून हलवा."



हर्षदा खाली उतरली, ओट्यावरचा वरवंटा घेतला आणि सीलबंद खिडकीची काच फोडली. ऊन थेट जुईच्या अंथरुणावर आलं.

"रुग्ण सापडला," ती म्हणाली. "हलवा तुमच्या इमारतीला. माझी पोर कुठेही जाणार नाही."