हँगरच्या फाटकावर

"ताप नाही, पोट भरलंय, उजवा मोजा हरवलाय." शर्वरीने हँगरच्या फाटकावर लेकीला निनादच्या कडेवर दिलं, ताब्यातलं विमान पुढच्या वैमानिकाला सोपवावं तसं.

सरकारी हवाई खात्यात ती विमानं उडवायची, नवरा हेलिकॉप्टर. दोन विभाग, दोन साहेब. एक उतरला की दुसरा उडायचा. संसार काय तो या फाटकावर.

आता दोन्ही विभाग एक झाले होते आणि नव्या प्रमुख टिपणीस मॅडमनी दोघांना बोलावलं होतं.

"एका युनिटमध्ये नवरा-बायको ठेवत नाहीत म्हणे," निनाद पुटपुटला. "एकाची बदली होणार."

शर्वरीने लेकीची पिशवी खांद्याला लावली. लेकीसकट दोघं आत गेले.

मॅडमनी चष्मा काढला. "रोज खिडकीतून बघते मी. पोर आहे की पार्सल?"

निनादने लेकीचा उघडा पाय हाताने झाकला.

"आजवर एका साहेबाने लावलेली ड्युटी दुसऱ्याला ठाऊक नसायची. आता तुम्हा दोघांच्याही ड्युट्या मीच लावणार. बदली कुणाचीच नाही. रविवारी दोघंही घरी. आणि त्या पोरीला मोजे घ्या!"

रविवारी सकाळी शर्वरीने डोळे उघडले, तर लेक आपली पिशवी घेऊन दाराशी उभी.

"बाबा, गेट!"

"आज गेट नाही गं, राणी," निनाद अंथरुणातूनच म्हणाला.

तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बाबाकडे. मग पिशवी तिथेच टाकली, दोघांच्या मधे घुसली आणि एक पाय आईच्या पोटावर, दुसरा बाबाच्या पोटावर टाकून ऐसपैस पसरली.