तिसरी पायरी

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणारं यंत्र वाफेच्या दाबाने फुटलं. ते कसं चालवायचं याची पानं लिहिणारा अहवालात एकच ओळ लिहून मोकळा झाला: ‘यंत्रावरच्या बाईंनी पान नीट वाचलेलं नाही.’ बाईंना यंत्रावरून उठवून घड्या घालायला बसवलं.

नवं यंत्र आलं तेव्हा तो तिथे गेला. भिंतीवर जुन्या यंत्रासाठी छापून चिकटवलेलं त्याचंच पान अजून तसंच होतं. त्याने ते आजवर फक्त आपल्या संगणकावर, मार्कडाउन फाइलमध्ये, म्हणजे साध्या खुणांनी मजकूर मांडायच्या कच्च्या रूपात पाहिलं होतं. तिथे तो प्रत्येक पायरीपुढे नुसता ‘१’ हाच आकडा लिहायचा. खरे आकडे पान आपोआप घालतं, ही त्याची रोजची युक्ती. पण चौथ्या पायरीखाली त्याने मागाहून एक चित्र घुसडलं होतं. तिथेच यादी तुटली आणि आकडे पुन्हा एकपासून सुरू झाले. पानावर दोन तिसऱ्या पायऱ्या होत्या. वरच्या पायरीत वाफ सोडायची होती, खालच्या पायरीत वाफ कोंडायची. आणि तळाशी, फाइलमध्ये दोन्हीकडे दोन-दोन तारे (**) देऊन त्यानेच मुद्दाम ठळक केलेली ओळ: ‘दाब वाढल्यास तिसरी पायरी पुन्हा करा.’

तो घड्या घालत बसलेल्या बाईंकडे वळला. “अहो, मग कुणी विचारलं कसं नाही?”

चादरीच्या घडीवरून नजर न उचलता बाई म्हणाल्या, “जाऊ द्या साहेब, मीच वेंधळी.”

ठळक ओळीच्या शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: ‘कुठली तिसरी? पान लिहिणाऱ्या साहेबांना फोन केला. म्हणाले, नीट वाचा.’