विद्यार्थी क्रमांक चार

शाळा बंद झाली नाही. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालू या. कारण त्या मंगळवारी शिक्षण खात्याच्या विश्रामबागच्या कार्यालयात शाळा बंद होणार हे ठरलंच होतं. फक्त ब्राह्मीची सही बाकी होती.

ब्राह्मी मगदूमचं काम पाहुण्यांना समजावणं अवघड होतं. शाळांच्या वर्गात रेकॉर्ड केलेलं बोलणं टाईप होऊन तिच्याकडे यायचं आणि प्रत्येक वाक्य नेमकं काय काम करतंय, ते ती समासात लिहायची. विचारणं. सांगणं. शाबासकी. दटावणं. तिच्या आईच्या मते हे काम घरोघरी फुकट चालतं.

नियम सोपा होता. पट दहाच्या आत असेल तर शाळा मोठ्या शाळेत विलीन. पण वर्गातलं निम्म्याहून जास्त बोलणं विद्यार्थ्यांचं निघालं, तर ती ‘बोलकी शाळा’ म्हणून राहणार. गोंगाट धरायचा नाही.

ही वस्तीशाळा कडेगावच्या पुढची. शिक्षक एक, दादासो गुरुजी. त्यांनी कळवलेला पट नऊ. मलकापूरच्या टायपिस्टने निःपक्षपातीपणासाठी सगळ्यांची नावं काढून क्रमांक घातले होते आणि गोपनीयतेसाठी मूळ आवाज पुसून टाकला होता. त्याबद्दल त्याला प्रशस्तिपत्रक मिळालं होतं.

पहिल्या पानावर बेचाळीसातून सतरा वजा करणं चाललं होतं.

शिक्षक: दोनातनं सात जात न्हाईत. मग शेजारच्या घरातनं दहा आणायचे.

विद्यार्थी ४: आनलेले परत कवा द्यायचे?

शिक्षक: द्यायचे नसत्यात.

विद्यार्थी ४: मग ह्याला वजाबाकी कशाला म्हणताय? दरोडा म्हणा की!

विद्यार्थी ७: आन् शेजारीण गप बसती व्हय?

“हे सगळं गोंगाटात टाक,” ऋषिराज सर म्हणाले. ते विभागप्रमुख होते आणि विलीन शाळांची यादी त्यांना शुक्रवारपर्यंत वर पाठवायची होती.

“गोंगाट कसा, सर? प्रश्न आहे. आणि चोख आहे.”

“दरोडा?”

“तो निष्कर्ष. समासात लिहिलंय मी.”

सरांनी पान उलटलं.

शिक्षक: खाली बसा बघू.

विद्यार्थी ४: बसवताय तर मग उठा म्हणायचं न्हाई. काय त्ये येकदाच ठरवा.

“हा सरळ आज्ञाभंग आहे.”

“मी ‘वाटाघाट’ लिहिलंय.”

शिक्षक: लय बोलताय आज तुमी.

विद्यार्थी ४: थांबा, तुमच्या आईलाच सांगते.

सरांनी चष्मा काढला. “पोरगी मास्तरला आईचा धाक घालते? आणि मास्तर तिला अहो-जाहो करतो?”

“एकटीला नाही, नऊही जणांना. जिल्ह्यात पहिल्यांदाच बघतेय मी असा शिक्षक.”

“ब्राह्मी, हे सगळं गोंगाटात धरलं तर विद्यार्थ्यांचं बोलणं चव्वेचाळीस टक्के होतं.”

“आणि नाही धरलं तर अठ्ठावन्न. शाळा राहते.”

“तुझा करार मार्चमध्ये संपतो.”

“माहितीय.”

“पुढच्या करारावर माझी सही लागते.”

“ह्या अहवालावर माझी लागते.”

ब्राह्मीने चुकून आवाज चढवला होता. तो तिने खाली आणला, पण बोलणं थांबवलं नाही.

“चौथीत असताना मी विचारलं होतं, शून्याने भागलं तर काय होतं. बाईंनी बाकावर उभं केलं. गोंगाट केला म्हणून. आता समास माझ्याकडे आहे, सर. ह्या पोरीला मी बाकावर उभी करणार नाही.”

तिने अठ्ठावन्न टक्के लिहिले, खाली सही केली आणि डबा खायला गेली. डब्यात कारलं होतं. तेही तिने सोडलं नाही.

शुक्रवारी आदेश आला. शाळा राहिली. शिवाय वरच्या साहेबांना दरोड्याचा मुद्दा इतका पटला की, विद्यार्थी क्रमांक चारला यंदाचा ‘जिज्ञासू बालक’ पुरस्कार द्यायचं ठरलं. ऋषिराज सर सगळ्यांना सांगत सुटले की ह्या पोरीची चमक पहिल्यांदा त्यांनीच ओळखली. ब्राह्मीच्या कराराचा कागदही त्यांनी त्याच दुपारी स्वतःहून मागवला.

ब्राह्मीने गुरुजींना फोन लावला.

“गुरुजी, अभिनंदन. शाळा राहिली तुमची.”

“व्हय, कळलं. वस्तीवर पेढं वाटलं, म्याडम.”

“आता विद्यार्थी क्रमांक चारचं पूर्ण नाव आणि वय पाठवा. बक्षीस आहे.”

“बक्षीस देऊ नका तुमी. न्हाई दिलं तरी चालंल.”

“असं कसं? साहेब स्वतः येणारेत हार घालायला.”

“वय पायजेच व्हय?”

“फॉर्ममध्ये रकाना आहे. सहा ते चौदा.”

ब्राह्मीने सवयीने हातातल्या कागदाच्या समासात लिहिलं: विराम. काम अज्ञात.

“म्याडम, अर्ज पाठवतो,” गुरुजी शेवटी म्हणाले. “तिनंच सांगितलाय, मी फकस्त लिवून घेतला. म्हणती, लपवायचं काय त्यात, चोरी केली न्हाई.”

अर्ज पाचव्या मिनिटाला मोबाईलवर आला. ब्राह्मीने तो ऋषिराज सरांना मोठ्याने वाचून दाखवला:

“महोदय, वस्तीवरील मुले दोन वर्षांपासून बसने कडेगावच्या शाळेत जात असल्याने रिकाम्या झालेल्या वर्गात विद्यार्थी क्रमांक चार श्रीमती साळूबाई यशवंत करांडे व इतर आठ जणी नियमित हजर राहत आहेत, तरी सर्वांना इयत्ता पहिलीत रीतसर दाखल करून घ्यावे, आणि जन्मदाखला उपलब्ध नसल्याने वयाचा पुरावा म्हणून श्रीमती साळूबाई यांच्या थोरल्या मुलाचा सेवानिवृत्तीचा आदेश ग्राह्य धरावा, ही नम्र विनंती.”