पाला इमोजेनकडे

कंप्युटरवरच्या यादीतून इमोजेनचं नाव खोडून ब्रॉन्टीने बटण दाबलं आणि नेमकी तेव्हाच लॅबमधली ट्यूबलाइट दोनदा लुकलुकली.

"झालं!" तेविता स्टुलावरून उठलाच. "सहा वर्षांत कुणी हात लावला नव्हता त्या नावाला. आणि ही बया येऊन अजून महिना नाही झाला."

"मेलेल्या मुलीच्या नावाने तुम्ही सहा वर्षं यादी काढताय, आणि बया मी?"

तेविता टोंगा बेटांवरचा. पीएचडी उरकून याच लॅबला चिकटलेला, दारातून तिरका होऊन आत येणारा गडी. हाताएवढे किडे अंगावर खेळवायचा, पण दिवे लुकलुकले की घाम फुटायचा. किडे म्हणजे हुबेहूब वाळक्या काड्या. खातात फक्त निलगिरीचा ताजा पाला. तो आणून पिंजऱ्यात लावायचा आणि लॅबच्या दारावरच्या कागदावर नाव लिहायचं, हे पाच जणांत आळीपाळीने वाटलेलं. कुणाचा आठवडा ते कंप्युटर आपणहून कळवायचा. ब्रॉन्टीलाही पहिल्याच आठवड्यात फोनवर आलं होतं: 'ब्रॉन्टी, या आठवड्याचा पाला तुझ्याकडे. विसरू नकोस.'

पाचवं नाव इमोजेनचं, याच लॅबच्या विद्यार्थिनीचं. किडे शोधताना समुद्रकाठच्या कड्यावरून पाय घसरून ती गेली, ती सहा वर्षांपूर्वी, अशाच एका एप्रिलमध्ये. पण तिचा आठवडा कधी चुकला नाही. सोमवारी सगळे यायचे तेव्हा पिंजऱ्यात ओला पाला लटकत असायचा आणि कागदावर गोल, सुबक अक्षरात 'इमोजेन'. कुणी तिला पाहिलं नव्हतं. अर्थात ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या त्या लॅबमध्ये सकाळी दहाच्या आत जिवंत माणूसही कुणी पाहिला नव्हता. लॅब सांभाळणाऱ्या नोएलीनला वाटायचं तेविता करतो, तेविताला वाटायचं भूत करतं, आणि प्रोफेसरांना काहीच वाटायचं नाही, कारण ते परिषदेला गेलेले असायचे. विचारायला कुणी जात नव्हतं. विचारलं तर तो आठवडा आपल्याच गळ्यात पडेल, एवढी अक्कल सगळ्यांना होती.

"राहू दे गं तिचं नाव," नोएलीन म्हणाली. तिचे केस इथेच पिकले होते. "तुम्हा जिवंत लोकांपेक्षा ती बरी. वेळेवर येते, कप धुऊन ठेवते."

पण ब्रॉन्टी ऐकणार नव्हती. रविवारीच तिने उबवायला ठेवलेल्या अंड्यांतून एक्केचाळीस पिल्लं बाहेर पडली होती. ती बघायला त्या सोमवारी सगळे आठलाच येऊन बसले होते, आणि आठवडा इमोजेनचा असूनही पिंजऱ्यात पाला अजून आला नव्हता. तिच्या पीएचडीची पुढची साडेतीन वर्षं त्या एक्केचाळीस जिवांवर उभी होती. ती काय भुताच्या हवाली करायची? तिने इमोजेनच्या जागी स्वतःचं नाव घातलं आणि कात्री घेऊन पार्किंगमधल्या निलगिरीवर चढली.

पाला आणला. जंतू नकोत म्हणून एकेक पान साबणाने धुतलं. टिश्यूने पुसलं. फुलदाणी सजवावी तसं लावलं.

पिल्लांनी पाल्याकडे पाठ फिरवली.

मंगळवारी चार मेली. बुधवारी नऊ. उरलेली जाळीला उलटी लटकून राहिली, हालचाल नाही. ब्रॉन्टीने दुसरी फांदी आणली, तीही घासूनपुसून. गुरुवारी सकाळी खिडकी आपोआप आपटली, चहाच्या कपात एक मेलेलं पिल्लू सापडलं, आणि तेविताने लॅबमध्ये यायला नकार दिला.

"माफी माग तिची," तो फोनवर म्हणाला.

"मी वैज्ञानिक आहे, तेविता."

"मग वैज्ञानिक पद्धतीने माग."

ब्रॉन्टीने फोन ठेवला. आणखी तीन पिल्लं खाली पडली होती. तिने बाहेर डोकावून पाहिलं. नोएलीन जेवायला गेली होती. मग चोरासारखी कंप्युटरसमोर बसून तिने स्वतःचं नाव काढलं, इमोजेनचं पुन्हा घातलं आणि डोळे मिटून बटण दाबलं.

दाराबाहेर टिंग करून फोन वाजला.

दार हळूच उघडलं. दारात साठीची एक बाई उभी होती. पावसाळी कोट, छातीशी निलगिरीच्या ओल्या फांद्यांचा भारा. पानांवरून पाणी ठिबकत होतं. ती थेट पिंजऱ्याशी गेली, ब्रॉन्टीचं एक पान तोडून तिने हुंगलं.

"साबणाने धुतलंस?"

ब्रॉन्टीने मान डोलावली.

"पहिल्या वर्षी सगळ्या धुतात. पिल्लांना साबण चालत नाही, बाळा. आणि पुसायचं नाही. पानांवरचं पाणीच पितात ती."

तिने जुना पाला काढला, फांद्या लावल्या. इतक्या सवयीने, की ब्रॉन्टी नुसती बघत राहिली. थोड्या वेळाने एक पिल्लू हललं. मग दुसरं. मग जाळीवरच्या सगळ्या काड्या डुलत डुलत पाल्याकडे निघाल्या.

बाईने कोटाला हात पुसले, दाराशी जाऊन पेन्सिल घेतली आणि गोल, सुबक अक्षरात लिहिलं: 'इमोजेन'.

"तुम्ही... तुम्ही कोण?" ब्रॉन्टीने विचारलं.

बाईने खिशातून काच तडकलेला एक जुना फोन काढून तिच्यापुढे धरला. वर आत्ताचा निरोप होता: 'इमोजेन, या आठवड्याचा पाला तुझ्याकडे. विसरू नकोस.' खाली सोमवारचा: 'इमोजेन, तुझं नाव यादीतून काढण्यात आलं आहे.'

"तिच्या कार्डाने दार अजून उघडतं. पण नावच काढलं म्हटल्यावर आत कसं यायचं? चार दिवस रोज फांद्या घेऊन बाहेरच्या बाकावर बसत होते," बाई म्हणाली. "विचारायचं होतं कुणाला तरी, माझ्या पोरीचं काय चुकलं म्हणून."