परीक्षेला फावडं

दहावीच्या पेपरासाठी आम्ही सहा मुली आमच्या बर्फाळ डोंगरातल्या गावाहून केलांगच्या केंद्रावर पायी निघालो, तेव्हा माझ्या पाठीवर दप्तराशेजारी फावडं बांधलेलं होतं. "गणिताची उत्तरं खणून काढणार का गं?" आम्हाला पोचवायला आलेला फुंचोग मामा म्हणाला. मैत्रिणी खो-खो हसल्या. मीही हसले, पण फावडं काही ठेवून आले नाही.

नाल्यापाशी पोचलो तर वरच्या उतारावर रात्री पडलेलं ताजं बर्फ नुसतं लोंबत होतं. आमच्या गावात हा नाला हातात हात घालूनच ओलांडतात. हात सोडला की अपशकुन.

"एकेकीने जाऊया," मी म्हणाले. "वरचं सुटलं तर सगळे एकदम गाडले जाऊ."

"शुभ बोल, यांगचेन!" मामा म्हणाला. "हात दे इकडे."

"नाही देत."

"मग बस इथेच, भित्रट कुठली!"

पाच मुली आणि मामा साखळी करून निघाले. मी खडकाच्या आडोशाला उभी राहिले आणि शेवटची मुलगी पलीकडे पोचेपर्यंत पापणीसुद्धा लववली नाही. काहीच कोसळलं नाही.

"बघ! झालं का काही?" मामा पलीकडून ओरडला.

मी फावडं डोक्यावर उंच धरलं. "झालं असतं तर तुम्हाला खणून कुणी काढलं असतं, मामा? आता कुणी हलू नका, सगळ्यांनी माझ्यावर नजर ठेवा, म्हणजे गाडले गेले तर कुठे शोधायचं ते कळेल. मी येतेय! पेपर मलाही द्यायचाय!"