दसऱ्याचा दुसरा दिवस

वृंदाने केबल काढून पुन्हा खोचली, शेजाऱ्यांचा मॉनिटर आणून जोडून पाहिला, तरी पडदा काळाच. आतला पंखा मात्र घुरघुरत होता. दिवाळी अंकाची सगळी पानं संगणकाच्या याच डब्यात होती. बारापर्यंत ती छापखान्यात गेली नाहीत, तर पुढच्या वर्षी हे काम तिच्याकडे येणार नव्हतं.

काल दसरा. "पूजेच्या दिवशी यंत्र बंद करायचं नसतं," असं बाबांनी बजावलं, म्हणून तिने संगणक बंद न करता नुसता 'स्लीप'वर ठेवला आणि ती फुलं आणायला गेली. येईपर्यंत बाबांनी पूजा उरकलीही होती.

साडेअकरा वाजता तिने स्क्रू काढून डब्याचं झाकण उघडलं. आतल्या बोर्डावर हळदकुंकवाचे ओघळ वाळले होते.

"लागला का गं संगणक?" डोळ्यांनी अधू झालेले बाबा चाचपडत दाराशी आले. "तुझ्या कामाला यश यावं म्हणून मी पाच पळ्या पाणी जास्तच सोडलंय त्याच्यावर."

"लागला, बाबा."

"बघ! आता पुढच्या वर्षीही पूजा मीच करणार."

"हो, तुम्हीच करा," म्हणत वृंदा झाकणाचे स्क्रू एकेक करून पुन्हा पिळत राहिली.